खुंट फुटल्याशिवाय

पूंगोडीला चिखलातून ओढून काढलं तेव्हा तिच्या अंगावर माझा चेहरा होता. लग्नाला, निवडणुकीला रस्त्यावर लावतात तसलं प्लास्टिकचं फ्लेक्स, आणि त्यावर माझा फोटो. एका खुंटावर हात ठेवून मी हसते आहे. कालव्याचा बांध सकाळी फुटला. पाण्याने तिच्या घराची मातीची भिंत आत पाडली, भिंतीमागून वासे आले, आणि वाशांवर ताणून बांधलेलं ते फ्लेक्स सगळ्यांत वर येऊन बसलं. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गडी ओरडत होते, "अरे, पाटीचं तोंड फाडा आधी! आत माणूस आहे!" मग कुणीतरी कोयता घातला. तो माझ्या कपाळातून नाकावर आला, नाकातून हनुवटीवर. फाटलेल्या तोंडातून पूंगोडीचा हात दिसला, बांगड्यांसकट. तिची बहीण अंजलैही आतच होती.

मी उरलेल्या बांधावर उभी होते. पाटी म्हणजे आजी. कुंभकोणमहून दारासुरमकडे येताना नदीला लागून आमची वस्ती आहे, तिथे मला सगळे तेच म्हणतात. रायर घरची पाटी. आम्ही मराठी, म्हणून रायर. शाळा माझी पाचवीपर्यंत, तीही तमिळ. बाळबोध अक्षर अप्पांनी घरी शिकवलं, अभंग वाचता यावेत म्हणून. त्या अक्षरात हे लिहिते आहे. तमिळमध्ये लिहिलं तर इथले लोक वाचतील, आणि इथल्या लोकांना यातलं सगळं ठाऊकच आहे.

आता पुन्हा मासी महिना लागला आहे, म्हणजे माघ-फाल्गुन. भात कापून झालं. शेतांत बदकं सोडली आहेत. कालव्यात पाणी नाही, तळाच्या मातीला भेगा पडल्या आहेत आणि त्यांत पोरं चेंडू शोधतात. हवेत पेंढ्याचा वास. दुपारी वारा पडला की दारासुरमच्या बाजूने हातमागांची खटखट ऐकू येते. आमच्याकडे हा तोडीचा हंगाम. परसात गेलं की माझा हात अजूनही आपोआप भिंतीकडे जातो, जिथे कोयता टांगलेला असतो.

घरामागे आमचा तोप आहे. तोप म्हणजे लावलेलं छोटं रान. बरीचशी झाडं पूवरसूची. पिंपळासारखं पान, पिवळं फूल, संध्याकाळी ते फूल लाल होऊन गळतं. तुमच्याकडे त्याला भेंड म्हणतात असं ऐकते. लाकूड आतून तांबूस काळं, आणि ताजं कापलं की त्याला गुलाबासारखा वास येतो. पहिल्यांदा मला तो खोटा वाटला होता. मी नवी सून होते. कुणीतरी अत्तर सांडलं असेल म्हणून मी इकडेतिकडे बघत राहिले, आणि सासूबाई म्हणाल्या, "नाक वर करून काय उभी राहिलीस गे? पेंढी बांध."

सासूबाईंनी मला तोडायला शिकवलं. त्या स्वतः कोयता धरत. सोवळ्यात नव्हे, पण बाकी सगळं सोवळ्याच्या कडकपणाने. अमावास्येकडे जाणाऱ्या पंधरवड्यातच तोडायचं, तेव्हा लाकडाला कीड लागत नाही. गुडघ्याएवढा खुंट ठेवायचा. घाव तिरका, म्हणजे पावसाचं पाणी खुंटावर थांबत नाही. साल फाटू द्यायची नाही, कारण नवे कोंब सालीखालून येतात. आणि तोपाचे पट्टे पाडलेले. एका वर्षी एकच पट्टा. बाकीच्या पट्ट्यांकडे त्या वर्षी बघायचंसुद्धा नाही. शेवटचा पट्टा तोडून होईपर्यंत पहिल्या पट्ट्यातल्या खुंटांवर मनगटाएवढे सोट आलेले असत.

आणि एक नियम होता. "खुंट फुटल्याविना लाकूड चुलीस लावूं नये." सासूबाई हे वाक्य अशाच जुन्या वळणाने म्हणत. तोडलेलं लाकूड पडवीत रचून ठेवायचं. ज्या पट्ट्यातून ते आलं तिथल्या खुंटांवर कोंब दिसले, की एका खुंटाला हळदीची चिंधी बांधायची आणि मगच पहिलं लाकूड चुलीत. गोविंदपुरमला राधाकल्याणाचा उत्सव होतो, तिथल्या स्वयंपाकाला आमच्या घरून सरपण जातं. ते देवाच्या चुलीत जायचं. मेलेल्या झाडाचं लाकूड देवाच्या चुलीत चालत नाही. एखादा खुंट फुटलाच नाही तर त्याचं लाकूड बाजूला काढायचं, ते घरच्या न्हाणीच्या चुलीला. असे खुंट जास्त झाले की सासूबाई जेवत नसत. त्या कुणाला बोलत नसत. नुसत्या जेवत नसत, आणि ज्याने घाव घातलेला असे त्याला मग घास उतरत नसे.

पूंगोडी आमच्या घरी कोयता घेऊन आली ती माझ्याच वयाची. लग्न होऊन कालव्याच्या वस्तीत आली होती. कालव्याच्या बांधाला लागून एक घरांची ओळ आहे, खाली सखल शेत आणि वर बांध, मध्ये ती ओळ. बांधावर पूवरसूचीच झाडं होती, कुणी लावली कुणास ठाऊक. तिची बहीण अंजलै नवरा गेल्यावर तिच्याकडेच राहायला आली. अंजलैला ऐकू कमी यायचं. पण पूवरसूचं पान गुंडाळून त्याची पिपाणी करून ती इतक्या जोरात वाजवायची की रस्त्यावरचे स्कूटरवाले मागे वळून बघत. ती म्हणायची, "मला ऐकू येईल एवढी तरी वाजायला हवी ना!"

आम्ही दोघी मिळून तोडायचो. पूंगोडी घाव घालताना माझ्यावर तोंडसुख घेई. "अम्मा, तू कोयता धरतेस की आरतीचं ताट?" मी म्हणे, "तुझा खुंट बघ, भांडणाऱ्या बाईच्या केसांसारखा." ती खुंटाजवळ वाकून बघे आणि साल फाटलेली असली तर पदर तोंडाशी धरून हसे, आणि मग घाव नीट करी. जेवणाच्या वेळी अंजलै पूवरसूच्या पानात गुंडाळून वाफवलेली गोड कोळकट्टै, मोदकासारखी, आणी. पान सोलताना बोटाला चिकटतं. त्या पिठाला पानाचा वास असतो, हिरवा, थोडा कडवट. सोवळ्याचं घर म्हणून मी ती सासूबाईंच्या समोर खात नसे. तोपात बसून खात असे. सासूबाईंना माहीत होतं. त्या खोकत आणि परत घरात जात.

गेल्या वर्षी चैत्रात, तोडलेल्या पट्ट्याला नुकते कोंब आले होते तेव्हा, कारखान्याची माणसं आली. लाकडाच्या गोळ्या करणारा कारखाना. लाकूड, फांद्या, साल, सगळं दळायचं, दाबून करंगळीएवढ्या गोळ्या करायच्या, आणि मोठमोठ्या बॉयलरांत कोळशाऐवजी जाळायच्या. त्यांतली एक मुलगी होती, चेन्नईची, पायात बूट, बोलायला गोड. ती म्हणाली, "पाटी, कोळसा एकदा जाळला की गेला. झाड पुन्हा उगवतं. तुमच्यासारखं तोडलं तर हे कधी संपणारच नाही."

हे मला पटलं. आजही पटतं. मी जन्मभर तेच बघत आले आहे.

तिने विचारलं, मी सांगितलं. गुडघ्याएवढा खुंट. तिरका घाव. साल जपायची. एका वर्षी एक पट्टा. तिने ऐकलं, मान हलवली, मग तिच्याबरोबरच्याने फोटो काढला. "खुंटावर हात ठेवा पाटी. हसा." मी हसले. पुढचे दोन दात नाहीत, ते दिसले. पूंगोडी मागे उभी राहून ओरडली, "अम्मा, तोंड मिट, कोंब आत जाईल!" त्यामुळे जास्तच हसले. फ्लेक्सवर दिसतं ते हसू पूंगोडीमुळे आलेलं आहे.

एक गोष्ट मी सांगितली नाही. खुंट फुटल्याशिवाय लाकूड जाळायचं नाही, ही. ती मला त्या वेळी आठवत होती. ओठांवर होती. पण ते आमच्या घरचं होतं, देवाचं, सोवळ्यातलं. बाहेरच्या माणसाला घरची पूजा कशी करता ते सांगतो का आपण? आणि दुसरं म्हणजे ते वाक्य मी तमिळमध्ये कधी म्हटलंच नव्हतं. बाजारात तमिळ, बसमध्ये तमिळ, पूंगोडीशी तमिळ. मराठी उंबऱ्याच्या आत. ते वाक्य उंबऱ्याच्या आतलं होतं. पूंगोडीलासुद्धा ते मी कधी सांगितलं नाही. पडवीतलं लाकूड आम्ही का थांबवतो, याचं उत्तर तिला "वाळायला" एवढंच माहीत होतं. आमच्या माणसांना वाटतं की घरातलं बाहेर गेलं तर बाटेल. तीनशे वर्षं परमुलखात राहून आम्ही असंच सगळं जपलं. मी तर अभिमानाने जपलं.

फ्लेक्स लागलं दारासुरमच्या वळणावर. माझ्या डोक्यावर तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे झाड मरत नाही.' मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू. आलं संपलं नव्हतं तरी आलं आणायला म्हणून टाऊन बसने दारासुरमला गेले, दोनदा, तीनदा. कंडक्टर म्हणाला, "पाटी, तिकीट कशाला, तुमचा तर बोर्ड लागलाय." सगळी बस हसली. मी पदर नीट केला. अशी मी.

सून फोनवर म्हणाली, तिने फोटो बंगळूरला सगळ्यांना दाखवला. मुलगा म्हणाला, "अम्मा, तू फेमस झालीस." मी म्हटलं, "तुझ्या आजीने बघायला हवं होतं." आता वाटतं, सासूबाईंनी बघितलं असतं तर त्या जेवल्या नसत्या.

मग पुरट्टासि आला. म्हणजे भाद्रपद-आश्विन, पावसाच्या तोंडावर. त्या महिन्यात कोणी झाडाला हात लावत नाही. ओल्या दिवसांत तोडलेला खुंट पाणी पिऊन सडतो. पण कारखान्याची भूक मोठी होती. ठेकेदाराने सगळीकडे विचारलं आणि माणसं तयार झाली. शेजारचे सुब्रमणियम मास्तर, ज्यांची शेताच्या कडेला झाडांची रांग होती, मला फाटकात भेटले. "मामी, मी आधी नाही म्हणत होतो. पण तुम्ही बोर्डावर आहात. तुम्ही सांगता म्हणजे झाड येणारच." मी म्हटलं, "येतं, पण नीट तोडलं तर." ते म्हणाले, "तेच ते." आणि गेले. कालव्याच्या बांधावरची झाडं कुणाच्या मालकीची नव्हती, म्हणून ती कुणी दिली ते कुणालाच माहीत नाही. ती गेली, एवढं खरं.

कोयते आले नाहीत. मशीन आलं. पिवळं, एका हाताचं, त्या हाताला दात. झाड जमिनीपासून कापायचं, आणि मग तो हात खाली घालून खुंट उपटायचा. मुळं निघताना आवाज होतो, जाड कापड फाडल्यासारखा. मी बांधावर गेले. छत्री घेऊन, चपला हातात घेऊन. मुकादमाला म्हटलं, "गुडघ्याएवढं ठेवायचं. हे काय चाललंय?" तो भला माणूस होता, उठून उभा राहिला. म्हणाला, "पाटी, मुळालाही वजन असतं. गाडी वजनावर जाते." मग त्याने हळूच वळणाच्या दिशेने बोट दाखवलं. "तुमचाच तर बोर्ड आहे आमच्याकडे. आम्हाला कोण काय बोलणार?"

मी घरी आले. पाय धुतले. जेवले. दहीभात आणि लिंबाचं लोणचं. काय जेवले ते आठवतं, म्हणून लिहिते.

पूंगोडी दुसऱ्या दिवशी आली, पडवीच्या पायरीवर बसली. तिच्या वस्तीतल्या बायकांना दरवर्षी तोडीचं काम मिळे, बांधणीचं मिळे, काटक्या घरी न्यायला मिळत. मशीनने काटक्यासुद्धा दळल्या. ती म्हणाली, "अम्मा, तुझ्या तोंडाने माझा कोयता गंजला."

मी म्हटलं, "माझं तोंड काय झाडं उपटतं?"

"नाही. ते हसतं नुसतं." मग सुपारी तोंडात टाकून ती म्हणाली, "बांध उघडा पडलाय. उन्हात ठेवलेल्या भाकरीसारखी माती झालीय. मुळं गेली, आता कशाला धरून बसेल तो?"

यात तिने मला नवीन काही सांगितलं नाही. बांधावर झाडं का असतात हे इथल्या शेळीलासुद्धा ठाऊक आहे. मला ठाऊक होतं, मास्तरांना होतं, मुकादमाला होतं. मी म्हटलं, "पाऊस होईपर्यंत मातीच्या गोण्या टाकायला सांगू." कुणाला सांगू ते मी म्हटलं नाही आणि तिने विचारलं नाही. गोण्या आल्या, थोड्या. त्यांवर मुलं बसत.

पावसाच्या आधी वाऱ्याने वळणावरच्या फ्लेक्सची एक बाजू सुटली आणि ते फडफडायला लागलं. पूंगोडीने ते काढून आणलं. माझ्या दारात उभं राहून विचारलं, "अम्मा, तुझा चेहरा घेऊ का? ठिबकतंय घरात." आमच्याकडे निवडणूक झाली की पुढाऱ्यांचे चेहरे सगळ्या वस्तीच्या छपरांवर जातात. चांगलं जाड प्लास्टिक. मी म्हटलं, "घे की." खरं तर मला बरं वाटलं. वळणावर ते बघायची आता मला भीती वाटत होती.

तिला ते उलटं बांधायचं होतं, पांढरी बाजू आत. अंजलैने हट्ट केला, पाटी आतून दिसू दे, देवघरासारखं वाटेल. म्हणून मी आतून. एकदा मी डाळ द्यायला गेले तर दोघी जमिनीवर बसून जेवत होत्या आणि वर मी, छपरापासून चुलीपर्यंत, दोन दात नसलेली. पूंगोडी म्हणाली, "बघ, आम्ही जेवतो आणि तू वरून घास मोजतेस." अंजलै ऐकू न येताच हसली. ती आधी चेहरे बघून हसायची आणि मग विचारायची, काय म्हणाली? पूंगोडीने तिच्या कानाजवळ ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मोजू दे, पाटीला हिशोब येतो." मग पूंगोडी म्हणाली, "झोपल्यावर घोरत जाऊ नकोस हं, अम्मा."

कार्तिगैमध्ये, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, पाऊस लागला. त्याचं वर्णन मला करायचं नाही. इथे दरवर्षी लागतो. कालवा दरवर्षी काठोकाठ भरतो. दरवर्षी बांध टिकतो, कारण आत मुळं असतात. त्या सकाळी मी आमच्या ओसरीवर विड्याची पानं पुसत बसले होते. आमचं घर उंच जोत्यावर आहे, माझ्या पायाला पाणी लागलं नव्हतं. कालव्याच्या बाजूने ओरडा आला. त्या ओरड्यात पिपाणी नव्हती एवढं मला कळलं. नंतर पूंगोडीने सांगितलं की बांध आधी थोडा खचला तेव्हा ती बाहेर बघायला उठली होती, आणि तिने आत ओरडून सांगितलं होतं. अंजलैची पाठ दाराकडे होती. ती चुलीवर पाणी ठेवत होती. पूंगोडी तिला ओढायला परत आत गेली, आणि भिंत आली.

सरकारी दवाखान्यात पूंगोडीच्या पायाला प्लास्टर घातलं. मी कॉफी घेऊन गेले. तिने ती प्याली, पेला परत दिला आणि म्हणाली, "साखर कमी." एवढंच. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. मी तयारी करून गेले होते, काय म्हणायचं ते बसमध्ये मनात म्हणत गेले होते. साखर कमी आहे, यावर काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी साखर जास्त घालून नेली. तीही तिने प्याली.

शरम ही गोष्ट मी लहानपणापासून दुसऱ्यांना वाटायला लावत आले. सुनेला, गड्यांना, माझ्या नवऱ्यालासुद्धा. स्वतःला वाटते तेव्हा ती कशी असते ते मला आता कळलं. ती पोटात बसत नाही. चेहऱ्यावर बसते. आरशात बघताना मला माझी हनुवटी फाटलेली दिसते. दारासुरमला मी आता बसने जात नाही. वळणावर रिकामे बांबू अजून उभे आहेत.

या मासीत मी ठरवलं होतं की तोप तोडायचा नाही. हात लावायचा नाही. ठरवलेलं मी कुणाला सांगितलं नव्हतं. अमावास्येच्या पंधरवड्यात पूंगोडी काठी टेकत आली. तोपाच्या कडेला बसली, पाय लांब केला.

"चल, कोयता काढ," ती म्हणाली.

"यंदा नाही."

"का? तोडला नाहीस तर काय भरून निघणार? गोविंदपुरमला चूल पेटायची आहे. आणि माझ्या वस्तीतल्या पोरींनी काय करायचं, तुझी शरम रांधायची?"

तोडलं. पोरी तोडत होत्या, मी घाव तपासत होते, पूंगोडी बसून सगळ्यांना शिव्या देत होती. गुलाबाचा वास आला. दुपारी सगळ्यांनी डबे उघडले. पानात गुंडाळलेलं काही कुणी आणलं नव्हतं.

त्या दुपारी मी तिला ते वाक्य सांगितलं. तमिळमध्ये. जुळवायला वेळ लागला. खुंट फुटल्याशिवाय लाकूड जाळायचं नाही. उंबऱ्याबाहेर म्हटल्यावर ते अगदी साधं वाटलं. रेशनच्या दुकानातल्या नियमासारखं. त्यात देव नव्हता, सोवळं नव्हतं, झाड पुन्हा आल्याचं बघितल्याशिवाय त्याचं लाकूड वापरायचं नाही, इतकंच होतं.

पूंगोडीने सुपारी एका गालात सारली. मग म्हणाली, "म्हणून ते पडवीत पडून असायचं?"

"हो."

"आणि मी इतकी वर्षं समजत होते, तुम्ही रायर लोक चिक्कू आहात. लाकूड जपून वापरता."

ती हसली नाही. मी तोंड फिरवलं. मला त्या वेळी कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

चेन्नईची ती मुलगी गेल्या आठवड्यात पुन्हा आली. तिला बांधाचं कळलं होतं. ती म्हणाली, कारखाना बांधावर नवी रोपं लावणार आहे, आणि मी एक रोप हातात धरून उभी राहिले तर लोकांचा विश्वास परत येईल. मी तिला तेच वाक्य सांगितलं, तमिळमध्ये, आता सवय झाली होती. म्हटलं, "गाडी भरा, लाकूड न्या, रचून ठेवा. पण ज्या जागेवरून आणलं तिथे कोंब दिसल्याशिवाय बॉयलरात घालू नका. एवढं करा, मग मी उभी राहते. रोप कशाला, तुझ्या बॉयलरावर उभी राहते."

ती खोटं बोलणारी मुलगी नाही. म्हणाली, "पाटी, बॉयलर थांबत नाही."

"झाडही घाई करत नाही," मी म्हटलं. "मग तुमचं जमणार कसं?"

तिने माझ्या पायाला हात लावला आणि ती गेली. तिने मला आधी विचारलं नव्हतं असं नाही. तिने विचारलं होतं, आणखी काही आहे का पाटी? मी नाही म्हटलं होतं. हे तिला आठवत असेल. पायाला हात लावताना तिने तो विषय काढला नाही, ही आणखी एक शरम.

लाकूड पडवीत रचलेलं आहे. मी रोज सकाळी पट्ट्यात जाऊन बघते. अजून काही नाही. खुंटांच्या कापलेल्या तोंडांवर डिंकाचे पिवळे थेंब आले आहेत आणि मुंग्या लागल्या आहेत. कोंब अजून दिसत नाहीत, दिसतील. गोविंदपुरमहून निरोप आला, सरपण कधी पाठवता? मी कळवलं, फुटलं की पाठवते. थांबायचं कशाला ते त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच. मी तेही सांगितलं.

कालव्याच्या बांधावर एका जागी मशीनकडून एक मूळ सुटलं होतं, त्याला पालवी आली आहे. पूंगोडीचं घर होतं त्याच्या अगदी वर. वस्तीतली माणसं मला ते बघायला बोलावतात. "पाटी, बघा, तुमचं झाड मरत नाही." त्यांच्या बोलण्यात टोमणा नाही. आनंदाने बोलावतात. मी जात नाही. जाईन तेव्हा मला तिथे पान तोडून त्याची पिपाणी करणारं कुणी दिसणार नाही, आणि ते दिसावं म्हणून एक मूळ पुरत नाही.

अजूनही लोक मला विचारतात, त्या दिवशी काय झालं. मी इतकंच सांगते. त्या सकाळी त्या घरात दोघी बहिणी होत्या. पूंगोडी जगली.